सविताला सगळं पचतं

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमच्या आजाराचं नाव सिलिॲक डिसीज. यापुढे गहू बंद. महिना-दोन महिने नाही, जन्मभर." हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगते. आजार बरा होईल का, मुलांचं कसं होईल, यातलं काहीच आलं नाही. मनात आलं, म्हणजे आता घरात पोळी सविता खाणार आणि मी बघत बसणार.

सविता ही माझी धाकटी जाऊ. त्या वेळी ती बाहेर बाकड्यावर बसून समोसा खात होती. दाराच्या काचेतून मला दिसत होती. आम्ही अकोल्याला तिच्याच माहेरी उतरलो होतो आणि सकाळी ती पोटभर पोहे खाऊन निघाली होती. तरी अकरा वाजता समोसा, वर चहा. तिला काही होणार नव्हतं. तिला कधीच काही होत नाही.

हे लिहायला बसले कारण तुमच्यापैकी कुणाला असा त्रास असेल तर त्याने लाजून वर्षं घालवू नयेत. मी दोन घालवली. आणि दुसरं कारण असं, की या आजारात माझ्या पोटाने जेवढा त्रास दिला तेवढाच माझ्या जळक्या स्वभावानेही दिला, आणि ते कुठल्या रिपोर्टात येत नाही.

आम्ही अमरावतीला राहतो. हे बडनेऱ्याला रेल्वेत, भाऊजींचं पंपाच्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं दुकान, मी शाळेत शिकवते आणि सविता घर सांभाळते. दोन भावांचं एकत्र घर, खोल्या भरपूर, पण संडास एकच. या आजारात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

सुरुवातीला पोट फुगायचं, गुडगुडायचं. मग दिवसातून चार-पाच वेळा जावं लागायला लागलं. जुलाबासारखं पाणी नसायचं. मळ फिकट, पिवळट-राखाडी, भांड्याला लोण्यासारखा चिकटणारा आणि पाण्यावर तरंगणारा. दोन बादल्या ओतल्या तरी जायचा नाही, आणि वर तेलाचा तवंग दिसायचा. वास कसा, तर खवट तेलात कुणी सडकी अंडी फोडल्यासारखा. तुम्ही म्हणाल, संडासात वास येणारच. नाही हो. हा वास दाराबाहेर यायचा, स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि तासभर हलायचा नाही.

मी फिनाईल ओतलं, उदबत्त्या लावल्या. मग सगळ्यांच्या आधी उठून आटपायला लागले. पण हा आजार घड्याळ बघून येत नाही. एका रविवारी भाऊजी म्हणाले, "पाईप चोकअप झाला वाटते," आणि त्यांनी माणूस बोलावून मागचं चेंबर उघडायला लावलं. चेंबर स्वच्छ होतं. तो माणूस मोठ्याने म्हणाला, "इथं तर काईच नाई जी, वास आतूनच येऊन राहिला." मी ओट्याकडे तोंड करून भांडी घासत राहिले. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते.

आणि सविता? सविता मोबाईल घेऊन आत जायची आणि गाणं गुणगुणत पाच मिनिटांत बाहेर यायची. तिच्यामागून गेलं तर आत कुणी जाऊन आलं असं वाटायचंही नाही. जावा-जावांत हेवादावा असतोच. बायकांना जावेच्या साड्यांचा, पाटल्यांचा हेवा वाटतो. मला जावेच्या संडासाचा वाटायचा. हसा, पण आमचा संडास एक आठवडा वापरून मग हसा.

वजन उतरायला लागलं. शाळेतल्या बाया विचारायच्या, कोणतं डाएट करून राहिली? सविताही म्हणायची, "ताई, नशीबच हाये तुमचं. तुमी काई बी खा, अंगाले लागत नाई." ती टोमणा मारते आहे असं मला वाटायचं. तिचे गाल वर आलेले, हात भरलेले, केस जाड. माझे केस फणीत यायचे.

अमरावतीत दोन डॉक्टर झाले. पहिल्यांनी अमिबा सांगितला आणि गोळ्या दिल्या. दुसरे म्हणाले आयबीएस, म्हणजे आतडं नाजूक आहे, टेन्शन घेऊ नका. त्यांना दोष देत नाही. मी त्यांना "पोट बिघडते" एवढंच सांगायचे. तवंग सांगितला नाही, तरंगणं सांगितलं नाही आणि वास तर मुळीच सांगितला नाही. शिकलेली बाई, वर्गात चाळीस पोरांपुढे बोलते, पण डॉक्टरपुढे जीभ टाळ्याला चिकटायची. तुम्ही तसं करू नका. रंग, तवंग, वास, सगळं सांगा. लाज वाटली तर कागदावर लिहून पुढे सरकवा.

आता आमच्या भागातली एक समजूत सांगते. ज्वारी जड, गहू हलका. धडधाकट माणसाने भाकर खावी आणि आजारी माणसाला फुलका द्यावा. त्यामुळे मी आजारी पडले तशी माझी भाकर बंद झाली. सविता माझ्यासाठी पातळ फुलके करायची, सकाळी सांजा, मधल्या वेळी चहात बुडवून टोस्ट. भेटायला येणारे बिस्किटांचे पुडे आणायचे. अशक्तपणा जावा म्हणून सविताने गव्हाची खीर केली आणि तिच्यावर तुपाची धार सोडली. जितकी माझी काळजी घेतली गेली, तितकी मी वाळत गेले. घरातल्या कुणालाच ते कळलं नाही, आणि मलाही नाही.

एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता मी खाली बसले. हिमोग्लोबिन फार उतरलं होतं, पाठीची हाडं ठणकत होती. तेव्हा सविताच्या भावाने अकोल्याच्या पोटाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. मला त्याचाही राग आला. म्हणजे खरा डॉक्टर सापडला तोही हिच्याच माहेरात. पण गेले.

त्या डॉक्टरांनी नाडी बघायच्या आधी विचारलं, "ताई, पाण्यावर तरंगते का? तेल दिसते का? वास कसा, नेहमीसारखा की घरातले लोक तक्रार करतात असा?"

मला रडू आलं. दोन वर्षं जे मी उदबत्तीखाली झाकत होते, ते हा माणूस जेवणात मीठ कमी आहे का, इतक्या साध्या आवाजात विचारत होता. मग मी सगळं सांगितलं, अगदी चेंबर उघडणाऱ्या माणसाचंही.

ते म्हणाले, "याला स्टिॲटोरिया म्हणतात. म्हणजे मळातून चरबी जाणं." आपण खाल्लेलं तेल-तूप लहान आतड्यात पचून अंगात शोषलं जायला हवं. माझं तसं होत नव्हतं. ते न पचता मोठ्या आतड्यात उतरायचं, तिथले जंतू त्याच्यावर तुटून पडायचे आणि त्यातून आम्लं आणि वायू तयार व्हायचे. वास त्याचा. वायूमुळे आणि चरबीमुळे मळ तरंगतो, चरबीमुळेच तो चिकटतो. चरबीबरोबर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात, म्हणून हाडं दुखतात. ते म्हणाले, "वास म्हणजे अस्वच्छता नाही, ताई. तुमचं आतडं मदत मागून राहिलं आहे." मला वाटलं, हे वाक्य आमच्या भाऊजींनी ऐकायला पाहिजे होतं.

मग तपासण्या झाल्या. मळातली चरबी तपासली, ती खूप निघाली. स्वादुपिंड बिघडलं तरी असंच होतं, म्हणून तेही तपासलं, ते ठीक होतं. रक्ताची टीटीजी नावाची तपासणी केली, तिचा आकडा फार वर होता. मग एंडोस्कोपी, म्हणजे घशातून दुर्बिणीची नळी घालून आतडं बघतात. घशात फवारा मारतात, ओकारी येते, पण होऊन जाते. त्यातच आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याला बायोप्सी म्हणतात. चार दिवसांनी ते नाव कळलं जे मी सुरुवातीला सांगितलं.

गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला जो लवचिक चिकटपणा येतो तो त्याचा. माझं शरीर त्यालाच शत्रू समजतं आणि त्या भांडणात आतड्याचं आतलं मऊ अस्तर झडून जातं. बाजारात मैदा, रवा, शेवया, बिस्किटं, सगळीकडे तेच. तांदूळ, ज्वारी, मका चालतो. डॉक्टर म्हणाले, "वऱ्हाडातल्या माणसाला ज्वारी खा म्हणून सांगतो आहे, हे तुमचं नशीब समजा." मी हसले नाही.

घरात मोठी उलथापालथ झाली. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर गहू त्यात मिसळतो, म्हणून यांनी घरघंटी आणली आणि ती फक्त ज्वारीसाठी ठेवली. तवा वेगळा, परात वेगळी, माझा डबा वेगळा. सविता रोज माझ्या भाकरी करायची, कारण मला परातीपुढे उभं राहवत नव्हतं.

आता माझं माहेर चांदूर बाजारकडचं, शेतकऱ्याचं. पोरगी दहा वर्षांची झाली की तिच्या हातची भाकर टम्म फुगली पाहिजे, अशा घरातली मी. सविता शहरातली, पोळ्यांत वाढलेली. तिची भाकर परातीतून उचलताना फाटायची, तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे व्हायचे. मी ताटावर बसून बोलायचे, "अकोल्याचे लोक भाकरी उन्हातच भाजत असतीन, तवा कायले लागते?" ती म्हणायची, "ताई, पीठच जुनं हाये. विरी गेली त्याची." ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा जातो, त्याला आमच्याकडे विरी जाणं म्हणतात. मी म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळ्यांसमोर म्हणायचे. मुलं हसायची, भाऊजीही हसायचे. मला बरं वाटायचं. जिला सगळं पचतं, तिला निदान एक गोष्ट जमत नव्हती.

आणि मग दोन-तीन आठवड्यांत तिला ती जमली. भाकर एकदम गोल, मऊ, कडेला एक चीर नाही. फुगायची तर अशी की आमच्या आईने बघत राहावं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे तर तुमच्यापेक्षाबी भारी झाली." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला विचारायला हवं होतं, हे तू कसं जमवलं? पण विचारलं असतं तर हार मानल्यासारखं झालं असतं. रंग जरा वेगळा वाटला होता, चव किंचित गोड लागली होती. मी मनाला सांगितलं, ज्वारी नवीन असेल. रोज दोन भाकरी गुमान खात राहिले आणि जळत राहिले.

पहिल्या काही दिवसांत पोट उतरलं होतं, वास कमी झाला होता. तो पुन्हा आला. तवंगही आला. सहा महिन्यांनी टीटीजी केली तर आकडा जिथल्या तिथे. डॉक्टर फोनवर म्हणाले, "दोनच शक्यता आहेत. एक तर कुठून तरी गहू पोटात जातो आहे, नाहीतर हा आजार पथ्याला न जुमानणारा आहे. तसा असला तर तो गंभीर. त्यात पुढे आतड्याचा कॅन्सरही होऊ शकतो. आधी पहिली शक्यता नीट शोधू. जो स्वयंपाक करतो त्याला सोबत आणा."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. मोठी मुलगी बारावीला, मुलगा नववीत. मी मेले तर ही दोघं सविताच्या हातची मऊ भाकर खाऊन वाढतील आणि मला विसरतील, असं मला वाटायचं. मुलांना माझ्याशिवाय दुःख होईल याच्यापेक्षा दुःख होणार नाही याचीच भीती जास्त वाटत होती.

यांची ड्यूटी होती, म्हणून आम्ही दोघीच अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी एकेक विचारायला सुरुवात केली. मसाले कोणते? हिंग कुठला? कारण हिंगात गव्हाचं पीठ असतं. सविता धडाधड उत्तरं देत होती, हिंग तर तिने कधीच बंद केला होता. मला वाटलं, आता शोधण्यासारखं काही उरलं नाही. म्हणजे दुसरी शक्यता.

"भाकर कशी करता?" डॉक्टरांनी विचारलं.

सविता पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मूठभर कणिक टाकतो जी मी. मूठभरच. भाकर तुटत नाई मंग."

डॉक्टर हळूच म्हणाले, "गहू बंद सांगितला होता ना?"

"पोळी बंद सांगतली होती ना जी. हे तर भाकर हाये. हिंग, तवा, जे जे सांगतलं ते केलं. भाकरीत मूठभरानं काय होते, असं वाटलं मले."

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. मला आनंद झाला. कॅन्सर नाही याचा तर झालाच, पण त्याच्या आधी झाला तो सविता सापडल्याचा. सहा महिने ज्या भाकरीवर मी जळले ती खोटी होती. आता घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगणार होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "पण कशाला टाकायची? तुटली तर तुटली."

सविताने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "ताईले तुटकी चालत नवती."

एवढंच. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. टोमणेही सांगितले नाहीत, अंगणही नाही आणि अकोल्याचं ऊनही नाही. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी टेबलावरच्या आतड्याच्या चित्राकडे.

परतताना पॅसेंजरमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. मूर्तिजापूर गेलं तरी ती पुन्हा पुन्हा डोळे पुसत होती. शेवटी म्हणाली, "मी मारलं असतं ना तुमाले, ताई?"

मी म्हटलं, "तू नाई. माह्या तोंडानं मारलं असतं." मग पोटातलं ओठावर आलंच. "सविता, मी जळतो तुह्यावर. तुले सगळं पचते म्हून. अडीच वर्षं झाले, जळूनच राहिली."

ती रडायची थांबली. तिला हसू आलं असावं. "मले माईत हाये," ती म्हणाली. "मी बी जळतो ना तुमच्यावर."

"माह्यावर? माह्यात काय हाये जळासारखं?"

"ताई किती जेवल्या, ताईले काय चालते, ताईले भाकर पुरली का. दिवसभर घरात हेच. सारे तुमचं ताट पायतात. मी जेवली का नाई, हे कोनी इचारलं का एकदा तरी? मी धडधाकट ना."

खरंच, त्या अडीच वर्षांत मी तिचा प्रत्येक घास मोजला होता, पण तिला जेवलीस का म्हणून कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून कणिक बंद झाली आणि भाकर पुन्हा तुटायला लागली. मी ते तुकडे वरणात कालवून खाल्ले. महिनाभरात तवंग गेला. वास गेला तो दिवस काही कॅलेंडरवर लिहिला नाही. एक दिवस मी आत जाऊन आले आणि उदबत्ती लावायची विसरले, तेव्हा कळलं. पुढच्या टीटीजीला आकडा खूप खाली आला. त्याच्या पुढच्या वेळी तो जवळजवळ जिथे हवा तिथे होता. डॉक्टर म्हणाले, "आता दुर्बिणीची घाई नाही." ज्यांना हा आजार निघेल त्यांनी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी डॉक्टरांसमोर बसवावं. बाहेर बाकड्यावर बसवू नये.

तो शेवटचा रिपोर्ट मी शाळेत असतानाच मोबाईलवर आला. शाळा सुटल्यावर मी घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सविता मागच्या अंगणात तूर पाखडत होती. रिपोर्ट चांगला आल्याचं सांगितलं तर ती सूप टाकून उठली, मला मिठीच मारली. मग मी विचारलं, "तू जेवली का व?"

ती म्हणाली, "नाई अजून. भूकच राह्यली नाई आता."

तीन वाजले होते. सगळं पचणारी माझी जाऊ तीन वाजेपर्यंत उपाशी होती, आणि हे बहुतेक रोजचंच होतं.

मी हात धुतले, परात घेतली आणि तिला पाटावर बसवलं. किती तरी दिवसांनी भाकरी थापल्या. वांग्याची भाजी गरम केली, ठेचा काढला, वरून कच्चं तेल घातलं. तिने पहिली भाकर मान खाली घालून खाल्ली. दुसरी खाताना म्हणाली, "ताई, तुमच्या हातची फुगते बाप्पा." मी तिसरी वाढली. तिने तीही तेलाच्या तर्रीत बुडवून, बोटं चाटत संपवली, वर मोठा ढेकर दिला आणि चौथी मागितली. खोटं कशाला सांगू, मला पुन्हा हेवा वाटला. मी चौथी थापायला घेतली.